नदीकाठी सापडलेला दगड की हाड, ओळखायचं कसं

दिवाळीनंतर प्रवरेचं पाणी उतरलं की गोट्यांचे पट्टे उघडे पडतात आणि मग कुणी ना कुणी गोल गरगरीत दगड घेऊन येतं, म्हणतं हे डायनासोरचं अंडं असणार. नसतं हो. आपल्याकडचा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा, आणि तो झिजताना कांद्यासारखे पापुद्रे सुटत जाऊन आत गोल गाभा राहतो. पापुद्र्याखाली पुन्हा पापुद्रा निघाला की समजा हे अंडं नाही. महाराष्ट्रात डायनासोरचे अवशेष मिळालेत, पण ते चंद्रपूरकडे पिसदुऱ्याला, लाव्हाच्या खालच्या लॅमेटा नावाच्या थरात.

बेसाल्टमधले पांढरे ठिपके म्हणजे शिंपले पण नव्हेत. लाव्हात वायूचे बुडबुडे अडकले होते, त्या पोकळ्यांमध्ये नंतर गारगोटी, अकीक (पट्ट्यापट्ट्यांची गारगोटीच), कॅल्साइट, झिओलाइट अशी खनिजं भरत गेली. भोवतालचा दगड झिजतो, गारगोटी टिकते, म्हणून वाळूत पट्ट्यापट्ट्यांचे रंगीत खडे मिळतात. ओळखायला जुन्या काचेच्या बाटलीवर घासा, गारगोटी काचेवर ओरखडा पाडते. कॅल्साइट पाडत नाही, उलट साध्या खिळ्याने त्याच्यावरच ओरखडा उठतो आणि व्हिनेगर टाकलं की बारीक बुडबुडे येतात. अकिकात काळी नाजूक नेच्यासारखी पानं दिसली तर ती बहुतेक मँगनीजची नक्षी असते, वनस्पती नाही. आणि चुंबक चिकटलं म्हणून लगेच उल्का म्हणू नका, बेसाल्टमध्येच लोहखनिज असतं.

आता हाडांचं, कारण खरी गोची इथे होते. जीवाश्म, म्हणजे दगड झालेली जुनी हाडं, शोधायची ती काळ्या कातळात नाही, काठाच्या दरडीत जिथे जुनी खडी चुनखडीने सिमेंटसारखी घट्ट झालीये तिथे बघायचं. गोदावरी आणि मांजरेच्या खोऱ्यात अशा जुन्या गाळातून हत्ती, रानबैल, पाणघोडा यांची हाडं मिळालेली आहेत, हो, पाणघोडासुद्धा. पण त्याच दरडीत झाडांच्या मुळांभोवती चुनखडी साचून नळ्या तयार होतात, मधे पोकळ, रंग पांढुरका, हुबेहूब हाड वाटतं. तुटलेलं टोक उन्हात धरून नीट बघा. हाडाला बाहेरून घट्ट भिंत असते आणि आत स्पंजसारखी जाळी, लांबीच्या दिशेने बारीक रेषा दिसतात. चुनखडीची नळी गाठीगाठींची असते आणि नखाने पीठ सुटतं. व्हिनेगरच्या भरवशावर इथे राहू नका, जीवाश्म हाडातही चुना मुरलेला असतो, त्यामुळे तेही फसफसू शकतं आणि वर खराब होतं ते वेगळंच. हाड जुनं की हल्लीच मेलेल्या बैलाचं ते बघायला तुटक्या कडेला तापलेली सुई टेकवा, ताज्या हाडाला केस जळल्यासारखा वास येतो, दगड झालेल्याला येत नाही आणि ते हाताला जडही लागतं.

दात सापडला तर काम सोपं. बैलाच्या दाढेवर चकचकीत कडा चंद्रकोरीसारख्या वळलेल्या असतात, हत्तीच्या दाढेत पावाच्या लादीसारखे उभे थर एकाला एक लागून.

एक अजून, ज्याला लोक साधा फुटका दगड म्हणून फेकून देतात ते म्हणजे आदिमानवाचं हत्यार. नेवाशाला पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकळियांनी 1954 ते 56 मध्ये उत्खनन केलं ते ह्याच प्रवरेच्या काठी, आणि इथल्या खडीतून दगडी हत्यारं निघालीत. गोट्यावर गोटा आपटून एखादा टवका नदीही उडवते, पण दोन्ही बाजूंनी, कडेला ओळीने टवके उडवलेत आणि आकार बदामासारखा आलाय, तर ते माणसाच्या हातचं काम आहे.

सापडलं की पहिली गोष्ट म्हणजे उचलू नका. जागेवरच शेजारी पेन ठेवून जवळून फोटो, मग मागे सरकून अख्ख्या दरडीचा फोटो, मोबाईलवर लोकेशन सेव्ह करा. मी एकदा घाईत दरडीतून हाड ओढलं, ओलं होतं, तीन तुकडे झाले, आणि जाणकारांनी पहिला प्रश्न विचारला की कुठल्या थरातलं, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं, त्याची हळहळ अजून आहे. दरडीत रुतलेलं असेल तर ते जाणकारांनाच काढू द्या. सुटं पडलेलं आणि पाण्यात वाहून जाईल असं वाटत असेल तरच घ्या, ब्रशने घासू नका, ॲसिड तर नाहीच नाही, पेपरमध्ये गुंडाळून सावलीत सुकवा कारण कडक उन्हात ते तडकतं. चिठ्ठीवर गाव, तारीख, काठ डावा की उजवा आणि थर पाण्यापासून किती उंच ते लिहा, मग पुण्याच्या डेक्कन कॉलेजला नाहीतर जवळच्या कॉलेजच्या भूगर्भशास्त्र विभागात आधी फोटोच दाखवा. वाळूच्या ट्रॉलीत काही आलं असेल तर वाळू कुठल्या घाटावरून भरली ते ड्रायव्हरला त्याच दिवशी विचारून ठेवा, आठवड्याने त्यालाही सांगता येत नाही.