घर दीड तासावर असलं तरी होस्टेल जड जातंच: पहिल्या वर्षी या चुका टाळा

पुण्याला गेलेली खानदेशी पोरं बहुधा दिवाळीपर्यंत रुळतात. चोपड्याहून जळगावला किंवा शिरपूरहून धुळ्याला आलेल्यांची बॅग मात्र डिसेंबरातही भरलेलीच असते. घर एसटीनं दीड तासावर, म्हणून शनिवार आला की स्टँड गाठायचा. माझ्या मते पहिल्या वर्षातली सगळ्यात महागडी चूक हीच.

रविवारीच तर होस्टेल आपलं होतं. कपडे धुताना गप्पा रंगतात, मेसला गोडधोड असतं, कुणीतरी मेहरूण तलावावर चला म्हणतं. तुम्ही नेमके तेव्हा गावी, आणि सोमवारी परत आलात की पुन्हा पाहुणे. शिवाय शनिवारचं प्रॅक्टिकल आणि सोमवारचं पहिलं लेक्चर बुडतं, ते वेगळंच. ७५ टक्के हजेरीचा हिशेब सेमिस्टरच्या शेवटी समोर येतो, तेव्हा या सोमवारांची आठवण होते.

सुरुवातीचे तीन-चार रविवार होस्टेलवरच काढा. पुढे महिन्यातून एखादी फेरी पुरे. कानबाईला, म्हणजे श्रावणातल्या देवीच्या उत्सवाला, अर्थात जा; नागपंचमीनंतरच्या रविवारी भाऊबंद रोटांच्या प्रसादाला बसलेत आणि पोरगं होस्टेलवर, हे खानदेशात कुणी ऐकून घेणार नाही. आखाजीचं (अक्षय्य तृतीयेचं) मात्र वेळापत्रक पाहून ठरवा, ती परीक्षेच्या तोंडावर येते.

दुसरी चूक फोनची. संध्याकाळी सहा-सातला जीव कासावीस होतो, नेमका तेव्हाच घरी फोन लागतो. आई “जेवना का?” विचारते आणि इकडे हुंदका फुटतो. तासाभरानं तुम्ही मित्रांबरोबर मेसमध्ये हसत असता; तिकडे आईला रात्रभर झोप नाही आणि वडील सकाळी मोटारसायकल काढून होस्टेलच्या दारात. फोन रोजचा असू द्या, पण जेवण झाल्यावर, ठरल्या वेळी. आईबापांनीही “करमत नसेल तर ये निघून” हे वाक्य पहिले दोन महिने गिळावं.

मेसची भाजी पाणीदार असते, हे खरं. म्हणून रोज बाहेरची शेवभाजी खाल्ली तर पोट आणि पाकीट दोन्ही बसतात. घरून टिकणारं आणा: शेंगदाण्याची चटणी, सुका ठेचा, बिबडे (ज्वारीचे पापड). भरीत आणू नका. इथल्या उन्हात ते दुपारपर्यंत आंबतं.

बारावीपर्यंत मराठीत शिकलेल्यांना इंजिनिअरिंगचं पहिलं लेक्चर डोक्यावरून जातं. ते लपवणं ही चूक. शेजारच्यालाही फारसं कळलेलं नसतं, विचारून पाहा. सीनियरकडून जुन्या प्रश्नपत्रिका घ्या, सरांना तासानंतर मराठीत विचारा; बहुतेक जण मराठीतच समजावतात. अहिराणी बोलायला लाजायचं तर कारणच नाही, फक्त गाववाल्यांच्याच खोलीत वर्ष काढू नका.

आता जरा गंभीर. दोन आठवडे झोप नाही, अन्न जात नाही, वर्गात जायची भीती वाटते, तर ती नुसती घरची आठवण नव्हे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. कारण रॅगिंग असेल तर १८००-१८०-५५२२ वर तक्रार करा. “सीनियर आहेत, चालायचंच” म्हणत सहन करू नका.

शेवटचा घोळ पैशांचा. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता असो की शिष्यवृत्ती, महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरून मिळणारे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात. पुष्कळांचं आधार शाळेतल्या जुन्या खात्याला जोडलेलं असतं आणि मुलगा नव्या खात्याचं पासबुक महिनोन् महिने छापत बसतो. अर्ज भरण्याआधी बँकेत जाऊन विचारा, ‘डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट जमा होण्यासाठी, माझं आधार कोणत्या खात्याला जोडलंय?’ जुनं खातं बंद पडलेलं असेल, तर नव्या खात्याला आधार जोडण्याचा फॉर्म त्याच दिवशी भरून द्या.