वाळूतल्या दगडावरून माणसाची वाट कशी ओळखावी

वारा वाळू उडवतो, मुठीएवढा दगड नाही. म्हणून थर वाळवंटातल्या वाळूच्या टेकडीत असा दगड दिसला, की तो कुणीतरी आणला असण्याची शक्यता मोठी. (टेकडीतच तयार होणारी चुनखडीची कंकरं मात्र आधी वगळा.) राजस्थानात डिडवाण्याची ‘१६ आर’ टेकडी पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वीरेंद्रनाथ मिश्र, शरद राजगुरू आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात खोदली, तेव्हा खोल थरांतही दगडी हत्यारे मिळाली.

सुरुवातीलाच एक कळकळीची विनंती: दगड खिशात घालू नका. जागा सुटली की तो मुका होतो. शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा, जीपीएसची नोंद करा.

मग तिरप्या उन्हात नीट पाहा. घाव बसला तिथे लहानशी सपाट जागा, लगेच खाली फुगीर उंचवटा आणि तिथून पाण्यात खडा पडल्यावर उठतात तशा गोल लहरी. तिन्ही एकत्र दिसल्या तर तो बहुधा छिलका, म्हणजे माणसाने घाव घालून मोठ्या दगडातून काढलेला तुकडा.

आता दगडाची जात आणि त्या जातीची जवळची खाण शोधा. डिडवाण्याजवळच्या सिंगी तलावावर हातकुऱ्हाडींबरोबर गारेचे (क्वार्ट्झचे) सहा स्फटिक मिळाले. हत्यार घडवायला ते फारच लहान, तरी कुणीतरी ते बाहेरून आणले होते! मला हा शोध कुठल्याही कुऱ्हाडीहून मोलाचा वाटतो.

पुढची खूण वापराची. खाणीजवळ मोठे गाभे (ज्यांतून छिलके काढले ते दगड) आणि खडबडीत साल, म्हणजे दगडाचा मूळचा बाहेरचा पापुद्रा, असलेले छिलके भरपूर पडतात. लांब नेलेल्या दगडाला साल क्वचितच उरते. धार पुन्हा पुन्हा काढून तो झिजून लहान झालेला असतो. चालणाऱ्याला ओझं परवडत नाही.

नकाशावर पाणीही मांडा, पण आजचं नव्हे. डिडवाण्याचं सरोवर आज खारं आहे. सुमारे ६ हजार वर्षांपूर्वी तिथे गोडं पाणी होतं.

मोजणी सगळ्यात शेवटी. वाऱ्याने वाळू नेली की वेगवेगळ्या काळांतली हत्यारे एकाच पातळीवर येऊन बसतात. म्हणून वाऱ्याने गुळगुळीत झालेले तुकडे आणि ताज्या धारेचे तुकडे यांच्या नोंदी वेगळ्या ठेवा, आणि प्रत्येक गट स्वतंत्र मोजा.