इमारत कोसळताना गेम थिजायचा, त्यावर मला लागू पडलेला उपाय

युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर हौसेखातर बनवतोय त्या गेममध्ये मोठी इमारत पाडली की स्क्रीन थिजायची. ग्राफिक्सची सेटिंग्ज उतरवून फरक पडेना. पडणार तरी कसा, टकरींचं गणित ग्राफिक्स कार्ड नाही, प्रोसेसर करतो. ते मुळात दर ०.०२ सेकंदाला, म्हणजे सेकंदाला ५० वेळा सोडवलं जातं. शेकडो तुकडे एकमेकांवर आदळले की या गणिताच्या एका फेरीलाच त्याहून जास्त वेळ लागतो. मग पुढच्या फ्रेमआधी, म्हणजे स्क्रीनवर पुढचं चित्र येण्याआधी, तुंबलेल्या फेऱ्याही उरकायच्या, त्यात आणखी उशीर, म्हणून आणखी फेऱ्या. सावकाराचं व्याजच! एका फ्रेममागे किती वेळाचं गणित सोडवायचं याची मर्यादा ठरवणारा 'मॅक्सिमम अलाउड टाइमस्टेप' ०.०४ सेकंद केला, म्हणजे फ्रेममागे फार तर दोन फेऱ्या. बारीक ढिगाऱ्याची आपापसातली टक्करही बंद केली. आता इमारत संथपणे कोसळते, पण गेम अडकत नाही. खरं तर दिसतंही जास्त भारी.