जुना लिनक्स सर्व्हर अपग्रेड करताय? या चुका टाळा

उबुंटू या लिनक्स प्रणालीच्या १६.०४ आवृत्तीची नेहमीची मोफत सिक्युरिटी अपडेट्स एप्रिल २०२१मध्ये थांबली. तरी चिपळूणपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठल्या ना कुठल्या दुकानाच्या पोटमाळ्यावर ही आवृत्ती अजून चालू सापडते. "चाललंय ना, मग हात कशाला लावा" म्हणत वर्षं काढायची आणि मग सगळं एका रात्रीत उरकायला बसायचं.

सगळ्यात महागात पडते ती मधली पायरी गाळणं. १६.०४वरून १८.०४, मग २०.०४, मग २२.०४, असंच चढायचं. देवगडला एका आंबा पॅकिंगवाल्यांच्या बिलिंग मशीनवर नव्या मुलाने सोर्सेस लिस्टमधलं (पॅकेजेस कुठून घ्यायची ती यादी) 'झेनियल', म्हणजे १६.०४चं नाव, पुसून थेट २०.०४चं 'फोकल' लिहिलं आणि घरून, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, अपग्रेड सोडलं. मे सरत आलेला. संध्याकाळी वळीव कोसळला, लाइट गेली, पाठोपाठ टॉवरही गेला. कनेक्शन तुटलं तरी काम चालू ठेवणारं टीमक्स लावलेलं नव्हतं, सेशन तुटलं. मागून यूपीएसनेही मान टाकली. सकाळी मी पोचलो तर अर्धी पॅकेजेस जुनी, अर्धी नवी. पॅकेजेस बसवणारं डीपीकेजी पुढे सरकायलाच तयार नाही. दारात वाशीला निघालेला टेम्पो उभा आणि चलनं हाताने लिहिणं चाललेलं.

म्हटलं, बॅकअप दाखव. रोज रात्रीची फाइल होती, तारीखवार. प्रत्येक फाइल बरोब्बर २० बाइटांची! डेटाबेसचा पासवर्ड मध्ये कधीतरी बदललेला, त्यामुळे डंप, म्हणजे डेटाबेसची नक्कल, निघतच नव्हता. फाइल दाबून लहान करणाऱ्या जीझिपला काहीच दिलं नाही तरी तो २० बाइटांची रिकामी फाइल बनवून ठेवतो. महिनोन्‌महिने ती कोणी उघडलीच नव्हती. शेवटी पेनड्राइव्हवरून मशीन उठवलं, मायएसक्यूएल या डेटाबेसचं डेटा फोल्डर जसंच्या तसं उचललं आणि दुसऱ्या मशीनवर तीच जुनी आवृत्ती टाकून बसवलं. रात्रीचे दहा वाजले.

तेव्हापासून मी आधी बॅकअप एका जुन्या लॅपटॉपवर रिस्टोअर करतो आणि कालचं शेवटचं बिल उघडून बघतो. ते दिसलं नाही, तर त्या दिवशी अपग्रेड नाही. एवढा धीर ज्याला नाही, त्याने दुसऱ्याच्या धंद्याच्या मशीनला हात लावू नये.

बूट पार्टिशन (मशीन सुरू करणाऱ्या फाइलींचा डिस्कवरचा कप्पा) भरलेलं असेल तर आधी जुने कर्नल, म्हणजे लिनक्सचे जुने गाभे, काढा. बाहेरच्या रेपॉझिटरीज (उबुंटूच्या नसलेले पॅकेजेसचे साठे) बंद करा. कॉन्फिग (सेटिंगची) फाइल बदलायची का, असं विचारलं की डोळे मिटून 'हो' दाबू नका; जुनी ठेवा, फरक नंतर निवांत बघा. २२.०४सोबत पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेची ८.१ आवृत्ती येते, तुमचं जुनं बिलिंग त्यावर चालतं का ते आधी दुसऱ्या मशीनवर तपासा. एसएसएचवरून, म्हणजे लांबून मशीनमध्ये शिरून, करत असाल तर अपग्रेडर १०२२ पोर्टवर दुसरी वाट उघडतो. फायरवॉलमध्ये तिला आधीच जागा द्या. आणि जागेवर कीबोर्ड-मॉनिटर लावून एक माणूस बसवाच.

जून ते सप्टेंबर मी हे काम घेत नाही. अगदीच अडलं, तर आदल्या दिवशी यूपीएसवर लोड टाकून बॅटरी किती वेळ टिकते ते मोजतो आणि पहाटे पाचला सुरू करतो.