बीपी दाखवताना लहानपणही सांगा

मी रिटायर सिस्टर. रंकाळ्यावर फिरून आलेली गल्लीतली माणसं बीपी बघायला माझ्या कट्ट्यावर टेकतात. आल्या आल्या मशीन लावत नाही. आधी ५ मिनिटं पाठ टेकून गप्प बसायचं, पाय जमिनीला, हात छातीच्या उंचीला. त्याआधी अर्धा तास चहा नको, तंबाखू नको (भांडणं इथंच होतात). एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजून दोन्ही आकडे वहीत लिहायचे.

मग मी विचारते, लहानपणी घरात मारहाण, दारूचा धिंगाणा होता का? तांबडा-पांढरा कमी करा, हे सगळेच सांगतात. बापाच्या माराबद्दल कुणी विचारत नाही. परवा एका पैलवानी अंगाच्या दादांना विचारलं, तर माझ्या बोटाखाली त्यांची नाडी भराभर पळायला लागली. तोंडानं मात्र, "काय नाय हो, पोरांना मार बसायचाच!"

अमेरिकेत फेलिटी आणि अँडा या डॉक्टरांनी सॅन दिएगोतल्या हजारो लोकांना असंच विचारलं होतं. लहानपणी छळाचे प्रकार जितके जास्त, तितका मोठेपणी हृदयविकार जास्त, असं त्यांच्या १९९८ च्या अभ्यासात दिसलं. विडी-दारू हे त्यातलं एक कारण. दुसरं म्हणजे कायम दचकलेलं शरीर. ॲड्रेनलिन, कॉर्टिसोल ही ताणाची हार्मोन्स वारंवार चढत राहतात. मेंदूकडून हृदयाकडं जाणारी व्हेगस नस म्हणजे हृदयाचा ब्रेक. तो काहींचा नीट लागत नाही. प्रत्येकाचं असंच होतं असं नाही.

तुमचा ब्रेक तुम्हीच बघा. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर दोन बोटं ठेवा. श्वास घेताना नाडी जराशी पळते, सोडताना ब्रेक लागून रेंगाळते. वय झालं की हा फरक कमी जाणवतो, घाबरू नका. आता ४ आकडे मोजत श्वास घ्या, ६ मोजत सोडा. असं ५ मिनिटं, रोज. चक्कर आली तर थांबा. गोळी बंद करायची नाही, हे तर दहादा सांगते.

डॉक्टरांपुढं सगळी कहाणी उकरायला नको. एवढंच म्हणा, "लहानपणी घरात खूप मार खाल्लाय, अजून कुणी ओरडलं की छाती धडधडते." मन मोकळं करायचं असेल तर टेली मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. छातीत दुखून घाम फुटला तर मात्र श्वास मोजत बसू नका, थेट १०८ लावा. आणि शेजारच्या घरातून पोराच्या रडण्याचा आवाज रोज येत असेल, तर मुलांच्या मदतीचा नंबर १०९८.