तीन लाख किलोमीटर झालेली पिकअप सोलापूरच्या उन्हात कशी सांभाळावी

माझी पिकअप २०१२ची. मीटर ३,१२,००० च्या पुढे गेलाय आणि हंगामात मोहोळहून मार्केट यार्डात कांद्याच्या आठवड्याला चार फेऱ्या अजून होतात. इंजिन आजवर एकदाच बांधावं लागलं, आणि तेही किलोमीटरमुळे नाही. मे महिन्यात तुळजापूरचा घाट चढताना गाडी तापली, हेड गॅस्केट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) उडाली. लेथवर रेडिएटर उघडला तेव्हा नळ्यांत पांढरा खडा बसलेला होता, बोअरच्या पाण्यानं चहाच्या पातेल्याच्या तळाला बसतो तसाच. दोन वर्षं मीच विहिरीवर थांबून त्यात पाणी ओतत होतो. सगळ्यात वाईट म्हणजे पाणी वारंवार कमी होतंय हे मला दिसत होतं, फक्त कुठं लिहून ठेवत नव्हतो.

म्हणून पहिलं काम वहीचं. दहा रुपयांची वही डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा. तारीख, किलोमीटर, किती डिझेल, किती ऑइल वर टाकलं, किती पाणी टाकलं, एवढंच लिहायचं. ड्रायव्हर वेगळा असेल तर त्यालाही सवय लावा. जुनी गाडी अचानक बसत नाही. आधी महिना-दोन महिने ती पाणी किंवा ऑइल जास्त प्यायला लागते, आणि ते वहीतच कळतं.

पाणी

इथं एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ अंशांवर जातो. भरलेली गाडी, काळ्या मातीची धूळ आणि वर हे ऊन, म्हणून इंजिनाचं खरं आयुष्य रेडिएटरवर ठरतं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात पुढची कामं उरकून घ्या.

इंजिन पूर्ण गार असताना जुनं पाणी खालून सोडा. गढूळ, तांबूस निघालं तर स्वच्छ पाणी निघेपर्यंत धुवा. मग कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं मिसळून भरा. कूलंटच्या डब्यावर ‘तयार’ असं लिहिलेलं असेल तर त्यात पाणी घालू नका. भरताना घाई नको. झाकण उघडं ठेवून गाडी चालू करा, वरचा होस पाइप गरम होईपर्यंत थांबा. मधेच बुडबुडे येतील आणि पातळी खाली जाईल, ती भरत राहा. आत हवा अडकली तर नवं कूलंट भरूनही गाडी तापते.

झाकणाचं रबर बोटानं दाबून बघा. कडक झालं असेल, चिरा असतील तर झाकणच बदला. दाब टिकला नाही की पाणी लवकर उकळतं. खर्च थोडा आहे, पण हे काम बहुतेक जण टाळतात.

रेडिएटरच्या जाळीत धूळ, पाचटाचे तुकडे, किडे अडकतात. पाण्याचा हलका फवारा इंजिनाच्या बाजूनं बाहेर मारा. वॉशिंग सेंटरच्या जोरदार पाइपनं पात्या मुडपतात, मग हवाच जात नाही.

आणि एक सल्ला कुणी दिला तरी ऐकू नका: ‘थर्मोस्टॅट काढून टाक, गाडी गार राहील.’ थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडं जाऊ न देणारी झडप. तो अडकला असेल तर नवा बसवा. काढून टाकला तर थंडीत इंजिन वेळेवर गरम होत नाही, डिझेल जास्त जातं, झीज वाढते. आणि रेडिएटर चोक असेल तर उन्हाळ्यात गाडी तापायची ती तापतेच.

रस्त्यात काटा वर चढायला लागला तर एसी बंद करा, गाडी सावलीला घ्या, इंजिन बंद करून बॉनेट उघडा. रेडिएटरचं झाकण मात्र उघडू नका, वाफेनं तोंड-हात भाजतात. तापल्या इंजिनावर गार पाणी मारलं तर हेडला तडा जातो. अर्धा तास गेला तर जाऊ द्या. मी घाटात एवढा थांबलो असतो तर हेड वाचलं असतं.

ऑइल

सकाळी गाडी सुरू करायच्या आधी, सपाट जागी, डीपस्टिक बघा. डिझेल इंजिनाचं ऑइल बदलल्यावर लगेच काळं होतं, त्याला घाबरायचं कारण नाही. रंगापेक्षा पातळी महत्त्वाची. ऑइल भरायच्या झाकणाखाली दुधाच्या चहासारखा थर दिसला आणि पाणीही कमी होत असेल, तर गाडी तिथंच थांबवून मिस्त्रीला बोलवा. पाणी ऑइलमध्ये उतरतंय.

कंपनीच्या पुस्तकातला ग्रेड सोडू नका. ऑइल खाते म्हणून जाड ऑइल टाकायची पद्धत आहे, त्यानं दुखणं झाकतं, बरं होत नाही. धुळीचा आणि ओझ्याचा विचार करून मी दर ७,००० किलोमीटरला ऑइल बदलतो, आणि फिल्टर प्रत्येक वेळी नवा. टर्बो असेल तर लांबून भरून आल्यावर मिनिटभर गाडी चालू ठेवूनच बंद करा.

हवा आणि डिझेल

एअर फिल्टर आपटून झाडू नका, कागद फाटतो. आतून बाहेर हलकी हवा मारा, आणि दोन-तीनदा साफ केला की नवाच टाका. शेतरस्त्याला चालणाऱ्या गाडीचा फिल्टर दर आठवड्याला बघावा. डिझेल फिल्टरच्या तळाला पाणी साचतं, पावसाळ्यात ते वेळच्या वेळी सोडा.

खालचं काम

पाट्यांची (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांची) तपासणी गाडी रिकामी असताना होते. यू-बोल्ट सैल नाहीत ना, सेंटर बोल्ट तुटला नाही ना, पाट्याला केसाएवढी चीर आहे का, हे टॉर्च लावून बघा. गाडी एका बाजूला झुकून उभी राहत असेल तर पाटेवाल्याकडेच जा. निपलला ग्रीस मारताना जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत मारा, नाहीतर माती आतच राहते. आरसीवरच्या वजनापेक्षा जास्त भरलं की पाटे, एक्सलचं हाऊसिंग आणि ब्रेक तिन्हींचं आयुष्य कमी होतं. कांद्याच्या चार पिशव्या जास्त टाकायचा मोह होतो, पण त्या भाड्यात पाटा येत नाही.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, दोन वर्षांनी बदलाच. मागचे ड्रम उघडले की लायनरसोबत व्हील सिलिंडरही गळतोय का बघा. टायरची हवा सकाळी, गार असताना मोजा. टायरवरचे चार आकडे वाचायला शिका: १८२१ म्हणजे २०२१ सालचा अठरावा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी जुनं रबर उन्हात हैदराबाद रोडवर फुटतं.

बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी पूड गरम पाण्यानं धुवा, वरून व्हॅसलिन लावा. गाडी चालू असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले की चार्जिंग ठीक.

मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी आरटीओचं फिटनेस सर्टिफिकेट लागतं. ब्रेक, लाइट, स्टेअरिंगचं काम त्याच्या आधीच्या महिन्यात लावा.

इंजिन बांधायची वेळ आली का?

वहीत ऑइलचा आकडा महिन्यामागून महिना वाढत असेल, निळा धूर येत असेल, चालू इंजिनाचं ऑइल झाकण काढल्यावर जोरात धूर फुंकत असेल, तर इंजिनानं कंप्रेशन (सिलिंडरमधला दाब) सोडलंय असं समजा. तरी लगेच उघडू देऊ नका. टर्बोच्या पाइपात ऑइल आहे का बघा, कारण टर्बो गळाला तरी निळाच धूर येतो. काळा धूर बहुतेक वेळा चोक एअर फिल्टर नाहीतर इंजेक्टरचा असतो. आधी कंप्रेशन मोजून घ्या, आकडा वहीत लिहा, मगच मिस्त्रीशी खर्चाचं बोला.

बांधायचंच ठरलं तर रिंगा आणि बेअरिंगसोबत हेड फेसिंग, ऑइल पंप आणि रेडिएटर एकाच वेळी करून घ्या. बांधून आल्यावर पहिले १,००० किलोमीटर अर्धाच माल भरा, इंजिन खेचू नका, आणि ते ऑइल लवकर बदला. माझ्या वहीत त्या हजार किलोमीटरची पानं वेगळी आहेत. रोज सकाळची ऑइलची पातळी, रोज संध्याकाळची पाण्याची.