अलार्म विनाकारण वाजतो आणि रिमोटने गाडी सुरू होत नाही: दोष कसा शोधावा

दुकानातून बसवून घेतलेल्या अलार्मबद्दल दोन तक्रारी हमखास येतात: मध्यरात्री कारण नसताना सायरन वाजतो, किंवा रिमोटचे बटण दाबूनही इंजिन सुरू होत नाही. या दोन्ही तक्रारी एकदमच उद्भवल्या असतील, तर सायरन किंवा रिमोट बदलण्याची घाई करू नये. अनेक किटमध्ये दारांचे आणि बॉनेटचे तेच स्विच दोन्ही कामांसाठी वापरले जातात. त्यांपैकी एकाने जरी ‘उघडे आहे’ असा खोटा संकेत दिला, तरी अलार्म वाजतो आणि रिमोट स्टार्टही अडतो.

स्विचकडे वळण्यापूर्वी मात्र बॅटरी तपासावी. गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर मल्टिमीटरवर (व्होल्टेज मोजण्याच्या यंत्रावर) सुमारे १२.६ व्होल्ट दिसले, तर बॅटरी पूर्ण भरलेली आहे, १२.२ च्या आसपास ती निम्मीच उरलेली असते. मराठवाड्यातला उन्हाळा बॅटरीचे आयुष्य झपाट्याने घटवतो, आणि व्होल्टेज एकाएकी उतरले की काही अलार्म त्यालाच चोरीचा प्रयत्न समजतात. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड साचली असेल, तर आधी निगेटिव्ह वायर सोडवून ती साफ करावी. सायरनमध्ये स्वतःची बॅटरी असेल, तर वायर सोडवताच तो वाजू लागतो. म्हणून त्याची किल्ली आधीच हाताशी ठेवावी.

आता बॉनेटचा स्विच. इंजिनच्या कडेला बसवलेली ही लहानशी स्प्रिंगची पिन धूळ, पावसाचे पाणी आणि इंजिनची उष्णता सोसते, त्यामुळे सर्वांत आधी तीच बिघडते. बॉनेट उघडून पिन बोटाने दाबावी व सोडावी. ती अडखळत वर येत असेल, तर गंज चढला आहे. मग स्विचची वायर काढून मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (दोन टोके जोडलेली असली की बीप देणाऱ्या सेटिंगवर) ठेवावा आणि एक टोक स्विचला, दुसरे बॉडीच्या रंग नसलेल्या धातूला लावावे. बहुतेक किटमध्ये पिन वर असताना ‘बीप’ येतो आणि दाबल्यावर थांबतो. दाबूनही बीप चालूच राहिला, तर स्विच खराब आहे. तो स्वस्तात मिळतो. स्विच चांगला असूनही बॉनेट बंद केल्यावर पिन पुरती दाबली जात नसेल, तर तिची उंची जुळवून घ्यावी. दारांची परीक्षा सोपी आहे: सर्व दारे लावल्यावरही आतला दिवा विझत नसेल, तर दारांच्या स्विचवर संशय घ्यावा.

स्विच निर्दोष निघाले, तरच शॉक सेन्सरकडे, म्हणजे गाडीला बसलेला धक्का किंवा कंप ओळखणाऱ्या भागाकडे पाहावे. ऊसतोडीच्या हंगामात भरलेल्या ट्रॉल्या शेजारून गेल्या तरी हा सेन्सर जागा होतो. त्यावरील स्क्रू थोडा फिरवून संवेदनक्षमता कमी करता येते. सेन्सरच काढून टाका, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. मग अलार्म कशासाठी बसवला, हे ते सांगत नाहीत.

अलार्म शांत आहे, पण इंजिन सुरू होत नाही, अशा वेळी दारे व बॉनेट बंद आहेत का, ब्रेक पेडल दाबले गेलेले नाही ना आणि ऑटोमॅटिक गाडी ‘पार्क’मध्ये आहे का, हे पाहावे. ‘व्हॅले’ मोड (गाडी दुसऱ्याच्या हाती देताना अलार्मची कामे तात्पुरती बंद ठेवणारी सोय) चालू राहिला असेल, तरीही रिमोट स्टार्ट बंद राहतो. इंजिन सुरू होऊन दोन-तीन सेकंदांत बंद पडत असेल, तर इमोबिलायझरला (ओळखीच्या किल्लीशिवाय इंजिन चालू न देणाऱ्या यंत्रणेला) किल्लीतली चिप सापडत नाही, असे समजून बायपास मॉड्यूल, म्हणजे रिमोट स्टार्टच्या वेळी त्या चिपचा संकेत पुरवणारा भाग, तपासून घ्यावे. मॅन्युअल गिअरच्या गाडीत न्यूट्रलची खात्री करून घेणारी सोय किटमध्ये नसेल, तर रिमोट स्टार्ट वापरूच नये. गिअरमध्ये राहिलेली गाडी जागेवरून उसळते.

रिमोट जवळूनच चालत असेल, तर त्यातला सेल बदलावा. गाडी कापसाच्या किंवा धान्याच्या गोदामाजवळ उभी राहत असेल, तर उंदरांनी वायर कुरतडल्या आहेत का, हेही बघावे. बंद गॅरेजमध्ये मात्र चाचणीपुरतेसुद्धा इंजिन रिमोटने सुरू करू नये, कारण धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा असतो.